रीड की रेड

"टी-ई-ए, टी! टी म्हणजे चहा!"

"एस-ई-ए, सी! सी म्हणजे समुद्र!"

"एल-ई-ए-एफ, लीफ! लीफ म्हणजे पान!"

पाचवीच्या बेचाळीस पोरांनी छपराची कौलं हलतील असा गजर लावला होता आणि मी लाकडी पट्टीनं टेबलावर ताल धरून उभी होते. साल अठ्ठ्याऐंशी. पावसाळा सरत आला होता. मी तेवीस वर्षांची, हातात बी.एड.ची नवीकोरी पदवी, सांगलीहून पहिल्यांदाच घाट उतरून कोकणातल्या आंबेखोल नावाच्या गावात इंग्रजी शिकवायला आलेली. गाव मला आवडलं होतं, पोरं आवडली होती, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःला सगळ्यात जास्त आवडत होते.

गजर थांबवून मी फळ्यावर ई आणि ए ही दोन अक्षरं काढली आणि नियम सांगितला. "लक्षात ठेवा. ई आणि ए शेजारी बसले, की ई बोलतो आणि ए गप्प बसतो. कळलं?"

"होऽऽ बाई!"

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. वृंदा राऊळ. दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात नुकता पडलेला, आणि डोळ्यांत कायम काहीतरी शोधायला निघाल्यासारखा भाव.

"बाई, मग ह्याचं काय?"

तिनं आपली वही वर धरली. वहीला पावाच्या पुड्याचा मेणकागद कव्हर म्हणून घातला होता. तिचे वडील मुंबईहून आले की तिकडचा पाव आणायचे आणि पाव संपला की कागद वहीला लागायचा. त्यावर लालभडक अक्षरांत छापलं होतं, बी-आर-ई-ए-डी.

"नियमानं हे ब्रीड झालं ना, बाई?"

वर्ग खदखदला. मागच्या बाकावरचा एकजण "आई, माका ब्रीड दी!" म्हणून ओरडलासुद्धा.

"तो अपवाद आहे," मी म्हटलं.

"अपवाद म्हणजे?"

"म्हणजे नियमात न बसणारा. एखादाच असतो."

वृंदानं मान डोलावली. पण ती मान पटल्याची नव्हती, ध्यानात ठेवल्याची होती. दुसऱ्या दिवशी ती मला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या पाटीपुढे घेऊन गेली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "हीडमास्तर." आतून खोकल्याचा आवाज आला. मी तिला हाताला धरून वर्गात आणलं. तिसऱ्या दिवशी तिनं एसटीतल्या 'काच फोडा' या इंग्रजी पाटीवरचा ब्रेक आणला, चौथ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर छापलेलं हार्ट. आठवडाभरात तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मथळा पडला, 'बाईंचे अपवाद', आणि त्याखाली चौदा शब्द. नियमात बसणारे मी शिकवलेले शब्द होते अकरा.

आता दहा वर्षांच्या मुलीकडून हरायचं नाही, असं मी ठरवलं. शाळेच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. त्याची शिवण वाळवीनं खाल्ली होती, पण पानं शाबूत होती. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी तो खोलीवर नेला आणि एकेक शब्द काढून उच्चार बघत बसले. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं, की ई आणि ए यांचं कुणीच लग्न लावून दिलेलं नाही. जिथं जातील तिथं वेगळंच वागतात. लेदर, फेदर, वेदर मला येत होते. पण एक शब्द मात्र असा निघाला, की त्यानं मला आनंदच झाला. आर-ई-ए-डी. 'वाचणे.' हा वर्तमानकाळात रीड आणि भूतकाळात रेड. अक्षर एकही बदलत नाही, उच्चार तेवढा बदलतो. हे मला कॉलेजात कुणीतरी सांगितलं असणारच, पण त्या दुपारी ते मी स्वतः शोधून काढलंय असं मला वाटलं. आता कुणीतरी मला विचारावं, एवढंच बाकी होतं.

आणि दाराशी वृंदा उभी. "बाई, आजोबांनी बोलावलंय. ई-ए बद्दल विचारायचंय म्हणाले."

वृंदाचे आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील, तेंडोलकर मास्तर. शाळेतले नव्हेत, पोस्टातले. चौतीस वर्षं नोकरी करून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. उंच, सुपारीच्या झाडासारखे सरळ, अंगात पांढराशुभ्र बंडीवजा सदरा. गावात कुणालाही सरकारी कागद आला की तो मास्तरांकडे यायचा. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, पण ते पोस्टाचं इंग्रजी होतं. विमा, रजिस्टर, मालक सापडत नाही, परत पाठवा, असल्या गोष्टींना पुरणारं.

मी गेले तेव्हा ते पडवीत टेबलाशी बसले होते. त्यांची मुलगी सुलभाताई, म्हणजे वृंदाची आई, कोकमाचं सरबत घेऊन आल्या.

"बसा, बाई," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणे इंग्रजीतला ई-ए बदललात."

"मी कशाला बदलू, मास्तर? तो पहिल्यापासून तसाच आहे."

"आम्हांला शाळेत एकच शिकवला होता. ई." ते जरा थांबले. "मला विचारायचं कारण असं, की हीदरचं पत्र आलंय."

"कोण हीदर?"

उत्तर सुलभाताईंनी दिलं. "माझी वहिनी. अच्युतची बायको. तिकडे विलायतेत असतात दोघं."

अच्युतची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि तीन महिन्यांत ती माझ्याही कानावर आली होती. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, बोटीवर इंजिनीअर. नऊ वर्षांपूर्वी त्यानं लिव्हरपूलमधल्या एका नर्सशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मास्तरांनी उलट टपाली एकच ओळ धाडली, 'या घराचा पत्ता विसर.' पोस्टमास्तरानं पोटच्या मुलाला पत्ता विसर म्हणावं, यापरती शिवी नाही. पाच वर्षं काहीच आलं-गेलं नाही. मग मास्तरांची बायको वारली. अच्युत तेव्हा समुद्रावर होता. सांत्वनाचं पत्र आलं ते सुनेचं. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचंच असतं, हा मास्तरांचा धर्म. त्यांनी 'प्रिय मॅडम' असा मायना घालून उत्तर दिलं. तिनं परत लिहिलं. तेव्हापासून चार वर्षं दर रविवारी मास्तर एक पान इंग्रजी लिहीत. फणसाला किती फळ धरलं, पागोळ्या कुठे पडतात, वृंदाचा कितवा नंबर आला. सोमवारी सकाळी स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकत. महिन्याकाठी सुनेचं उत्तर येई. मुलाला मात्र मास्तरांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि मुलानंही त्यांना नाही.

"स्पेलिंग काय तिच्या नावाचं?" मी विचारलं.

"एच-ई-ए-टी-एच-ई-आर."

"मग ते हीदर नव्हे, मास्तर. हेदर. फेदर, लेदर, वेदर, तसं हेदर."

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला.

"चार वर्षं मी हीदर म्हणतोय."

"पत्रात काय बिघडतं? लिहिताना कुठे ऐकू येतं?"

"पत्रात नाही हो," ते म्हणाले. "मनात."

मला हसू आलं. मी तेवीस वर्षांची होते, मला त्यात हसण्याजोगंच काहीतरी दिसलं.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून निळं पत्र काढलं. पण ते माझ्या हातात दिलं नाही. वरचा मजकूर त्यांनी एका पोस्टकार्डानं झाकला, खालचा मजकूर तळहातानं, आणि मधे एका ओळीपुरती फट ठेवली. दुसऱ्याचं पत्र कुणाला दाखवायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. सुलभाताईंनाही ते पत्राचा सारांश सांगत, पत्र दाखवत नसत.

"एवढीच ओळ वाचा. हा शब्द."

ओळ साधी होती. 'रविवारी जेवणानंतर मी तुमची पत्रं मोठ्यानं वाचते.' आणि त्यातला 'वाचते' म्हणजे आर-ई-ए-डी. माझा शब्द! ज्याची मी वाट बघत बसले होते तो शब्द पाय फुटल्यासारखा चालत माझ्याकडे आला होता.

"मी रीड वाचलं होतं," मास्तर म्हणाले. "पण वृंदा म्हणते, ई-ए चा भरवसा नाही."

"वृंदाचं बरोबर आहे. हे रेड, मास्तर. भूतकाळ."

"म्हणजे?"

"म्हणजे 'वाचते' नाही. 'वाचत असे.'"

"आता नाही वाचत?"

"भूतकाळ म्हणजे झालं-गेलं," मी सरबताचा शेवटचा घोट घेतला. "पत्रात माणूस झालेल्याच गोष्टी लिहितो ना?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली. घडीवर घडी, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. "आभारी आहे, बाई," ते म्हणाले. "वेळेवर कळलं."

मी घरी आले ती तरंगतच. वाटेत बांगडे मिळाले तर बघावे, असा विचार करत होते. एवढं मला स्वच्छ आठवतं, आणि त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या पंधरवड्यात मी वर्गात रीड आणि रेड शिकवायला घेतलं. वृंदाच्या चौदा अपवादांवर माझा हा हुकमी एक्का होता. मी फळ्यावर शब्द लिहिला, दोन्ही उच्चार सांगितले, पोरांनी "ऑ?" केलं, सगळं माझ्या मनाजोगतं झालं. मग वृंदाचा हात वर आला. त्या हातात काळंभोर, सोनेरी टोपणाचं शाईपेन होतं. दहा वर्षांच्या पोरीच्या हातात ते आजीची पैठणी नेसल्यासारखं दिसत होतं.

"हे कुणाचं गं पेन?"

"आजोबांचं. त्यांनी मला देऊन टाकलं."

"का?"

"म्हणाले, आता मला लागणार नाही. दोन रविवार झाले, त्यांनी मामीला पत्रच लिहिलं नाही." तिनं ते सहज सांगितलं आणि मूळ प्रश्नावर आली. "बाई, शब्द एकच आहे, तर रीड की रेड ते ओळखायचं कसं?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "एकट्या वाक्यावरून कळत नाही. मागचं वाक्य बघायचं, पुढचं वाक्य बघायचं, आणि मग..."



मागचं वाक्य पोस्टकार्डाखाली होतं. पुढचं वाक्य मास्तरांच्या तळहाताखाली होतं. मी दोन्हींपैकी एकही बघितलं नव्हतं आणि तरी सरबत पीत पीत सांगून मोकळी झाले होते, झालं-गेलं म्हणून.

"आणि मग काय, बाई?"

"मग काही नाही. बाकीचं सोमवारी." शनिवारच होता. घंटा झाली तशी मी छत्री घ्यायलासुद्धा न थांबता मास्तरांच्या घराची वाट धरली.

सुलभाताई खळ्यात भाताच्या लोंब्या वाळत घालत होत्या. मला बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात. बाबांचं काय बिनसलंय कळत नाही. जेवायला बसतात नि अर्ध्यावर उठतात. विचारलं तर म्हणतात, काय नाय गो."

मास्तर पडवीत होते. टेबल मोकळं होतं. दौत नव्हती, टीपकागद नव्हता.

"मास्तर, त्या पत्रातली पुढची ओळ मला दाखवाल?"

"कशाला?"

"मला बघायचीय."

"दुसऱ्याचं पत्र आहे, बाई." ते शांतपणे म्हणाले. "आणि तुम्ही सांगितलंत ते मला कळलं. तुमचा काही दोष नाही. वाचत असे, आता नाही. माणसं कंटाळतात. मी तरी काय लिहीत होतो, फणस आणि पागोळ्या."

"मी सांगितलं ते मला माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे बोलणं किती कठीण होतं ते कसं सांगू? शाळा, कॉलेज, बी.एड., एवढ्या वर्षांत मी 'मला माहीत नाही' हे तीन शब्द एका दमात कधी उच्चारले नव्हते. पण एकदा बांध फुटला की फुटला.

"रीड आहे की रेड, ते एका ओळीवरून कळतच नाही. कुणालाच नाही. तुम्ही झाकलेलं होतं, तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की मला सांगता येणार नाही. पण मी त्याच दुपारी तो शब्द शब्दकोशात बघितला होता आणि मला तो कुणालातरी सांगायचा होता. हेदर बरोबर आलं, म्हणून मला वाटलं आता माझं सगळंच बरोबर. कदाचित रेड असेलही. पण मला माहीत नाही, मास्तर. खरंच नाही."

खळ्यात सुलभाताईंचा हात थांबला. मास्तर उठले, आत गेले आणि निळं पत्र घेऊन आले. टेबलावर ठेवलं, उलगडलं, आणि आपले दोन्ही हात उचलून मागे घेतले.

"वाचा."

मी पुढची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांना पाणी.

"ह्याचा अर्थ तुम्ही काय लावलात, मास्तर?"

"तिथं ती मिठाचं काहीतरी म्हणते. अच्युत मीठ शोधतो म्हणून. ते मला लागलं नाही. आणि तो एक शब्द, प्रिटेंड. पोस्टात तो कधी आला नाही."

"प्रिटेंड म्हणजे बहाणा करणे. ऐका. 'रविवारी जेवणानंतर मी तुमची पत्रं मोठ्यानं वाचते. अच्युत मीठ शोधण्याचा बहाणा करतो, पण पत्र संपेपर्यंत टेबलावरून उठत नाही.'"

मास्तरांचा चेहरा हलला नाही.

"आणि हे बघा," मी बोट ठेवलं. "प्रिटेंड्स. शेवटी एस आहे. हा एस मी पोरांकडून रोज घोकून घेते. तो फक्त वर्तमानकाळात येतो. तो बहाणा करतो. आजही करतो. म्हणजे वरचं रीड. तुमचंच बरोबर होतं."

"एस," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे पत्राच्या अगदी जवळ नेले, शिक्का नीट उमटलाय का ते बघावं तसे. "संपेपर्यंत उठत नाही?"

"नाही."

"लहानपणी ताटावरून पहिला तोच उठायचा," मास्तर म्हणाले आणि एकदम खिडकीकडे वळून बसले.

सुलभाताईंनी दारातून विचारलं, "बाबा, काय झालं?" मी पत्राचा शेवट वाचत होते.

"मास्तर, हे खालचं! जानेवारीत त्यांना रजा आहे. दोघं इकडे येऊ का, विचारलंय. पंधरा ऑक्टोबरपर्यंत तुमचं उत्तर आलं तर तिकिटं काढतील. नाही आलं, तर समजून घेऊ, असं लिहिलंय."

"ते मी वाचलं होतं. मला वाटलं, रीतीचं विचारतात. ज्यांनी पत्रं वाचायची सोडली..."

"आज आठ तारीख आहे."

मास्तर उभे राहिले. चौतीस वर्षांची नोकरी एका क्षणात परत त्यांच्या अंगात आली. "विमानटपालाला इथून दहा दिवस. कधी बारा. पत्र उपयोगाचं नाही. तार. तारऑफिस तालुक्याला. पाच वाजता बंद. दीडची एसटी आहे. सुलभा, माझा कोट."

दीडच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. खिडकीबाहेर कापणीला आलेलं भात पिवळं पडलं होतं. मास्तरांचे ओठ वाटभर हलत होते. इंजिनाच्या घरघरीत मला आधी वाटलं, ते जप करतायत. मग एका चढणीला गाडी हळू झाली तेव्हा ऐकू आलं. "हेदर. हेदर. हेदर."

तारऑफिसातला कारकून त्यांना बघून खुर्चीतून उठला. "मास्तर! या, आत या, बसा."

"आज मी गिऱ्हाईक आहे," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या रांगेत उभे राहिले. पुढे दोनच माणसं होती.

परदेशी तारेचा फॉर्म त्यांच्या हातात आला. आयुष्यात त्यांनी लोकांना असे हजारो फॉर्म भरून दिले असतील. जन्म, मरण, नोकरी, तब्येत नाजूक, ताबडतोब निघा. पण स्वतःचा फॉर्म समोर आल्यावर त्यांचा हात थांबला. वृंदाकडून परत मागून आणलेलं पेन हवेत तसंच राहिलं.

"मॅडमचं नाव घालायचं ना?" मी मदत करायची म्हणून विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, अच्युत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लिहून झाल्यावर थोडा वेळ ते त्या अक्षरांकडेच बघत राहिले. मग मजकूर लिहिला. एका दमात, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

कारकुनानं पेन्सिलीनं शब्द मोजायला सुरुवात केली आणि मधेच अडकला. "मास्तर, हे काय लिहिलंय? जी-एच-ई-यू-एन. घ्यून?"

"घेऊन."

"ही कुठली भाषा?"

"आपली."

कारकुनानं सगळं एकत्र लावून वाचलं. मी काचेतून वाचलं. 'सुनेला घेऊन ये. बाबा.'

"पण तिकडे कळेल का हे?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल. तू फक्त अक्षरं चुकवू नकोस."

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले. आंबेखोलचा फाटा आला तेव्हा मलाच त्यांना हलवून उठवावं लागलं.

आठवड्याभरात तिकडून तार आली, जानेवारीची तारीख घेऊन. त्याआधी, कबूल केलेल्या सोमवारी मी वर्गात गेले, वृंदानं हात वर करण्याआधीच फळ्यावर आर-ई-ए-डी लिहिलं आणि म्हटलं, "हा शब्द एकटा आला तर कसा वाचायचा, ते मला सांगता येत नाही." पोरांना काही विशेष वाटलं नाही. वृंदानं मात्र वही उघडून शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईची गाडी सकाळी साडेआठला फाट्यावर थांबली. "फाट्यावर जाऊन उभं राहायला मी काय लहान आहे?" असं मास्तर आदल्या दिवशी म्हणाले होते. ते सातपासून तिथं उभे होते. सुलभाताई, वृंदा आणि मी त्यांच्या मागे.

आधी अच्युत उतरला. वडिलांइतकाच उंच, कानशिलावर पांढरे केस आलेला. तो वाकायला गेला, तर मास्तरांनी त्याला कोपराला धरून अर्ध्यातच अडवलं आणि विचारलं, "तार कधी मिळाली?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी, बाबा."

"तिसऱ्या? आमच्या वेळी..." मास्तर म्हणाले. कोपर मात्र त्यांनी सोडलं नाही.

मागून ती उतरली. नाकावर ठिपके, केस तांबूस, अंगात सलवार-कमीज. प्रवासानं चुरगळलेली, पण हसरी. तिनं हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं.

"मी सन."

"सून गं," अच्युत म्हणाला. "सांगितलं ना तुला? सून."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तारेतलं एस-यू-एन इंग्रजीत वाचलं तर तिचं बरोबरच आहे." आणि तिच्याकडे वळून, जरा घसा साफ करून, अगदी हळू म्हणाले, "ये, हेदर."

ती मान हलवून हसली. मग वृंदानं तिचा हात धरला तो धरलाच. सुलभाताई भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि रडता रडता एसटीच्या ड्रायव्हरला टपावरची पिशवी जपून काढायला सांगत होत्या. मी आपली बाजूला उभी होते. अच्युतचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"बाबा, ह्या कोण?"

"ह्या आमच्या शाळेच्या बाई," मास्तर म्हणाले. "इंग्रजी शिकवतात." थोडं थांबून, सुनेलाही कळावं म्हणून असेल, त्यांनी पुढचं जरा मोठ्यानं म्हटलं. "चुकल्या तर घरी येऊन सांगतात."

पस्तीस वर्षं नोकरी झाली. निरोपसमारंभात बरीच भाषणं झाली, शालही मिळाली. पण त्या सकाळसारखी ओळख पुन्हा कुणी करून दिली नाही. तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं, की माझा चेहरा कुणाला दिसू नये. म्हणून मी हेदरची बॅग उचलली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.